बागेचं नाव नसलेली कॉफी

मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिलं 'इंडिया कॉफी हाउस' उघडलं, ते कुणा हॉटेलवाल्यानं उघडलेलं नव्हतं. कॉफीवर उपकर बसवणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता आणि त्या उपकराच्या पैशावर चालणाऱ्या 'इंडियन कॉफी सेस कमिटी'नं हे काम अंगावर घेतलं होतं. देशात कॉफी पिकत होती, पण देशात ती पिणारे पुरेसे नव्हते. परदेशातले पिणारे होते, पण ते भाव देईनात. जागतिक मंदीनं सगळ्याच शेतमालाचे भाव बसले होते. ब्राझीलमध्ये कॉफीचे एवढे ढीग साचले की १९३१पासून पुढच्या तेराएक वर्षांत तिथल्या सरकारनं सुमारे ७ कोटी ८० लाख पोती नष्ट केली, बरीचशी जाळून. अशा बाजारात कोडगू आणि चिकमगळूरच्या बागायतदाराला एकच वाट दिसत होती, ती म्हणजे आपल्याच देशातल्या माणसाला कॉफीची गोडी लावणं.

म्हणून कॉफी हाउस. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा अशा थाटातले वाढपी आणि परवडेल अशा दरात एक कप नीट केलेली कॉफी. १९४०च्या दशकात अशी पन्नासएक कॉफी हाउसं देशभर पसरली. त्यांची ख्याती पुढे कवी, पत्रकार, चळवळे आणि तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा यांमुळे झाली. पण मुळात त्यांच्याकडे सोपवलेलं काम साधं होतं. कॉफी कशी लागायला हवी हे ज्याला माहीतच नाही, त्याच्यापुढे ती चाखण्याजोगी करून ठेवायची.

मुंबईला कॉफीची ओळख त्याआधीची होती, पण ती वेगळ्या अंगानं. पेस्तनजी एदलजी या पारशी तरुणानं १८८८च्या सुमारास मुंबईत कॉफी दळून विकायला सुरुवात केली. त्याची 'पोलसन्स फ्रेंच कॉफी' घराघरांत आणि लष्करी छावण्यांत पोहोचली. पोलसन हे नाव नंतर लोण्यासाठीच लोकांच्या तोंडी राहिलं, पण सुरुवात कॉफीची. त्या पुडीत कॉफीबरोबर चिकोरीही असे. चिकोरीची मुळं वाळवून, भाजून, दळून घातली की काढ्याला गडद रंग येतो, दाटपणा येतो, एक प्रकारचा गोडसर कडवटपणा येतो आणि मुख्य म्हणजे माल स्वस्तात पडतो. आपल्याकडच्या मराठी घरांत कॉफी आली ती बहुतेक अशा डब्यांतूनच. ती रोजची नव्हती. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, रात्री जागायचं असलं की फडताळातला डबा निघायचा. दूध, साखर आणि चमचाभर पूड एकत्र उकळायची, वरून जायफळ किसायचं. त्या कॉफीचा वास आठवतो तो जायफळाचा. महिनोन्‌महिने डब्यात बसलेल्या पुडीला स्वतःचा वास फारसा उरलेलाच नसायचा. जायफळ रुचीसाठी होतंच, पण उणीव भरून काढण्याचं कामही तेच करत होतं, असं मला वाटतं.

उणीव का होती, याचं उत्तर पुडीपासून सुरू होत नाही. त्यासाठी बागेत जावं लागतं.

भारतातल्या कॉफीची सुरुवात सतराव्या शतकातल्या बाबा बुडन यांच्यापासून सांगतात. मक्केहून परतताना त्यांनी येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी ही दंतकथा. तिच्यातला आकडा खरा असो-नसो, तो डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो आणि त्याच्या उतारांवर आजही कॉफी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी म्हैसूर, कोडगू, वायनाड आणि निलगिरीत मोठे मळे उठवले. महाराष्ट्रातही चिखलदऱ्याच्या थंड हवेत त्यांनी लावलेली कॉफी टिकून आहे, पण ती कौतुकापुरती. बाजाराच्या हिशेबात तिची मोजदाद होत नाही.

या मळ्यांवर पहिलं मोठं संकट आलं ते तांबेऱ्याचं. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे; कॉफीवरची बुरशी वेगळी, पण लक्षण तेच. पान उलटं करून पाहिलं की खालच्या बाजूला नारिंगी पिठाचे ठिपके दिसतात, बोट फिरवलं तर रंग बोटाला लागतो. मग पानं गळतात आणि झाड उघडं पडतं. १८६९मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, या रोगाची शास्त्रीय नोंद झाली आणि दोनेक दशकांत तिथला कॉफीचा धंदा संपला. आज आपण ज्याला सिलोनचा चहा म्हणतो, तो त्या मेलेल्या कॉफीच्या जमिनीवर वाढलेला आहे. तांबेरा दक्षिण भारतातही आला. 'चिक' नावाची जुनी जात त्याच्यापुढे टिकली नाही. तिच्या जागी आलेली 'कूर्ग' जातही पुढे बळी पडली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण आज जे कुणी भारतीय कॉफी चवीनं पितात, ते या लढाईच्या फळावर जगतात. एल. पी. केंट नावाच्या बागायतदारानं १९११च्या सुमारास म्हैसूर संस्थानातल्या आपल्या मळ्यात तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारी झाडं हेरली, त्यांचं बियाणं वेगळं केलं. ती जात 'केंट' म्हणून पसरली. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ साली संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी अरेबिका आणि लायबेरिका या कॉफीच्या दोन प्रजातींच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या 'एस. २८८' या झाडाची केंटशी सांगड घातली. एकीकडे रोगाशी झुंजायची ताकद, दुसरीकडे कपातली चव. त्यातून १९४०च्या दशकाच्या मध्यात शेतकऱ्यांच्या हाती आली 'एस. ७९५'. कॉफीची नवी जात जोखायला वर्षं लागतात. रोप लावल्यावर तीन-चार वर्षांनी कुठे पहिलं पीक येतं, आणि त्या झाडाचे दोष कळायला आणखी दहा. एवढ्या धीरानं केलेल्या कामाचं मोल असं की आज ऐंशी वर्षांनंतरही भारतातल्या अरेबिकाच्या बागांत ही जात ठाण मांडून आहे. तांबेऱ्यापुढे ती आता पूर्वीइतकी टिकत नाही, तरी बागायतदार तिला सोडत नाहीत, कारण कपात ती उतरते.

म्हणजे चांगली कॉफी पिकवण्याचं कसब देशात होतं. मग ती चांगली कॉफी पिणाऱ्यापर्यंत का पोहोचत नव्हती?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपचा बाजार एका रात्रीत दूर गेला. जहाजांत कॉफीला जागा मिळेना. मंदीतून कसेबसे सावरलेले मळे पुन्हा बुडायची वेळ आली. बागायतदारांनी सरकारकडे धाव घेतली. १९४०मध्ये वटहुकूम निघाला, १९४२मध्ये त्याचा कायदा झाला आणि बंगळुरात कॉफी बोर्ड उभं राहिलं. या व्यवस्थेच्या मध्यभागी होता सगळ्यांचा सामायिक साठा, बागायतदारांच्या भाषेत 'पूल'. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीची प्रत्येकानं या साठ्यात जमा करायची. स्वतः विकायला बंदी. बोर्ड ती विकणार आणि पैसे देणार.

हा साठा कसा चाले, ते पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नोव्हेंबरपासून अरेबिकाची लाल फळं तोडली जातात. धुण्याची सोय असेल तिथं त्यांची साल काढून, चिकट गर आंबवून, धुऊन, बी वाळवतात. सोय नसेल तिथं फळ सालीसकट अंगणात वाळतं. धुतलेल्या अरेबिकाला बाजारात 'प्लँटेशन' म्हणतात, सालीसकट वाळवलेल्याला 'चेरी'. हा माल पोत्यांतून क्युरिंग वर्क्सकडे जाई. तिथं टरफल काढायचं, चाळण्यांवर दाणे आकारानुसार वेगळे करायचे, काळे-फुटके वेचायचे. मोठे ते 'ए', मग 'बी', 'सी'; आणि फळात जोडबियांऐवजी एकच गोल बी तयार झालेली असली तर 'पीबी', म्हणजे पीबेरी. प्रत्येक प्रकाराला गुण. गुणांवर पैसे. आणि त्यानंतर तुमची कॉफी तुमची राहत नसे. साडेतीन हजार फुटांवर, वडाफणसांच्या सावलीत, फळ पुरतं पिकेपर्यंत थांबून, तीन-तीनदा तोडणी करून पिकवलेलं पोतं आणि कच्ची-पिकी फळं एकदम ओरबाडून आणलेलं पोतं, दाण्याचा आकार सारखा भरला तर एकाच ढिगात. पैसे हप्त्याहप्त्यानं येत. एका हंगामाचा शेवटचा हिशेब मिटायला दोन-तीन वर्षंही लागत.

हा साठा उभा करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. १९४०मध्ये तो नसता तर कित्येक लहान बागायतदारांनी झाडं उपटून टाकली असती. त्यानं भावाला आधार दिला, व्यापाऱ्यांच्या मुठीतून लहान शेतकऱ्याला सोडवलं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात जेमतेम वीसेक हजार टन कॉफी पिकत होती, ती पुढच्या दशकांत कित्येक पटींनी वाढली, त्यातही या आधाराचा वाटा आहे. चूक झाली ती युद्ध संपल्यावर. युद्धकाळासाठी केलेली सोय पन्नासहून अधिक वर्षं तशीच चालू ठेवली गेली. चांगली कॉफी करण्यासाठी जी जास्तीची मेहनत लागते, तिचा मोबदला देणारं कुणी नव्हतं, कारण ती चाखून 'ही कुणाची?' असं विचारणाऱ्यापर्यंत तिचं नाव पोहोचतच नव्हतं. त्यात बोर्ड दोन वेगळे लिलाव करी, निर्यातीसाठी एक आणि देशातल्या बाजारासाठी एक. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात वेचक माल कुठं जाई, हे सांगायला नको.

एवढं असूनही देशातला एक भाग ताज्या कॉफीसाठी हट्ट धरून बसला होता, आणि त्या हट्टाचं मला मोठं कौतुक आहे. तमिळ आणि कन्नड घरांत हिरव्या बिया आणून घरीच भाजायची रीत होती. हिरवी बी नीट ठेवली तर वर्षभरही राहते. भाजली की तिचं घड्याळ सुरू होतं. भाजताना बीच्या आत कर्बवायू कोंडला जातो आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. पुढचे काही दिवस वायू हळूहळू बाहेर पडतो, त्याच्याबरोबर वासही. मग हवेतला प्राणवायू आतल्या तेलावर काम करू लागतो. अखंड बी असेल तर हे काही आठवड्यांचं प्रकरण. दळली की पृष्ठभाग इतका वाढतो की काही दिवसांतच, बारीक पूड असेल तर त्याहूनही आधी, फरक जिभेला कळतो. लोखंडी कढईत किंवा निखाऱ्यांवर फिरवायच्या पिंपात आठवड्यापुरत्याच बिया भाजणाऱ्या, सकाळी टेबलाच्या कडेला आवळून बसवलेल्या हातयंत्रात त्या दिवसापुरत्याच दळणाऱ्या बायकांनी हे रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण त्यांचं वागणं त्या शास्त्राला धरून होतं. पितळेच्या, पुढे स्टीलच्या, दोन खणी फिल्टरमध्ये वरून कढत पाणी ओतायचं आणि थेंब थेंब उतरणाऱ्या काढ्याची वाट पाहायची. पहिला काढा घरच्या कर्त्या माणसांचा आणि पाहुण्यांचा. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून काढलेला फिका काढा बाकीच्यांचा. कुंभकोणमची ख्याती तर काढ्याइतकीच दुधाच्या निर्भेळपणाची होती.

नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या दक्षिणी कुटुंबांनी माटुंग्याला हा हट्ट बरोबर आणला. उडुपी खानावळी आल्या, तशीच भाजून-दळून देणारी दुकानंही आली. माटुंग्याच्या बाजारात वळलं की दुकान दिसायच्या आधी वास येतो. गिऱ्हाईक फळीशी उभं राहून सांगतं, "पीबी आणि प्लँटेशन ए अर्धं-अर्धं, चिकोरी वीस टक्के." दुकानदार डब्यांतून बिया काढून तराजूत घालतो, चिकोरी वेगळी तोलतो, दळणयंत्राच्या तोंडात बिया ओततो. पुडी हातात येते तेव्हा कोमट असते. चिकोरी 'नको' म्हणणारेही असतात, चाळीस टक्के सांगणारेही. फिल्टरला किती जाड, उकळायला किती बारीक, हे दोघांनाही न बोलता माहीत. कितीतरी मराठी घरांनी या दुकानांतूनच पहिल्यांदा ताजी पूड नेली आणि जायफळाची वाटी त्या दिवसापुरती बाजूला राहिली.

त्या गिऱ्हाइकाला किती गोष्टी ठाऊक आहेत पाहा. प्रत, भाजणी, दळण, मिश्रणाचं प्रमाण. एकच ठाऊक नाही, की ही कॉफी कुठल्या डोंगरावरची, कुणाच्या बागेतली. साठ्याच्या काळात तर दुकानदारालाही ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. लिलावातून त्याच्याकडे आलेल्या पोत्यावर प्रत लिहिलेली असे, बाग नव्हे.

कॉफी हाउसांचं मधल्या काळात काय झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात बोर्डानं ती बंद करायला घेतली. कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना संघटित केलं आणि कामगारांच्याच सहकारी संस्था उभ्या केल्या. १९५७मध्ये बंगळुरात पहिली, त्याच वर्षी दिल्लीत आणि पुढच्या वर्षी त्रिशूरला. फेटेवाले वाढपी मालक झाले. १९६०च्या दशकापासून घराघरांत झटपट कॉफीची बाटली आली. चमचाभर पूड, साखर आणि पाण्याचे चार थेंब कपात घालून फेटत बसायची कॉफी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना आवडली. पण तिच्यामुळे 'भाजली कधी' हा प्रश्नच विचारायचा राहून गेला.

ताजेपणाचा एवढा आग्रह धरताना एका कॉफीचा अपवाद मानायलाच हवा, आणि ती आपल्याच किनाऱ्याची आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचायला कित्येक महिने लागत. लाकडी जहाजाच्या पोटात समुद्राची ओल शोषून बिया फुगत, हिरव्याच्या पिवळसर होत, त्यांचा आंबटपणा जाई. उत्तर युरोपातल्या लोकांच्या जिभेवर तीच चव बसली. १८६९मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला. आता कॉफी ताजी पोहोचू लागली आणि गिऱ्हाईक म्हणू लागलं, ही ती नव्हे. मग मंगळुरूच्या व्यापाऱ्यांनी तो प्रवास किनाऱ्यावरच घडवून आणला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चारी बाजूंनी वारा खेळेल अशा गोदामात सालीसकट वाळवलेल्या चेरी प्रकारच्या कॉफीच्या बिया वीतभर जाडीच्या थरात पसरतात, दाताळ्यांनी सारख्या वरखाली करतात, मग सैल पोत्यांत भरून ओळीनं रचतात, पुन्हा ओततात, पुन्हा भरतात. तीन-चार महिन्यांत बी जवळपास दुप्पट फुगते आणि फिक्या सोनेरी रंगाची होते. 'मान्सून्ड मलबार' या नावानं ती जगभर ओळखली जाते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. हातात घेतली तर भाजण्याआधीच ती इतकी हलकी लागते की जुनी झाली असावी असं वाटतं. जुनी ती नाहीच. चार महिने माणसांनी रोज हात लावून ती तशी केलेली असते. आणि भाजल्यानंतर तिलाही इतर कॉफीसारखीच ताजेपणाची घाई असते.

सामायिक साठ्याच्या भिंतीला तडे गेले ते बाहेरून. कॉफी पिकवणाऱ्या देशांचे निर्यातीचे वाटे ठरवून भाव सावरणारा आंतरराष्ट्रीय करार जुलै १९८९मध्ये मोडला आणि भाव कोसळले. भारतीय कॉफीचं मोठं गिऱ्हाईक होतं सोव्हिएत संघ. रुपयांत व्यवहार होई आणि प्रतीबद्दल फार घासाघीस नसे. १९९१मध्ये तो देशच उरला नाही. बोर्डाकडे माल पडून, बागायतदारांचे हप्ते थकलेले. त्याच सुमारास देशाची आर्थिक धोरणं बदलत होती. १९९२पासून बागायतदाराला आपल्या कॉफीतला काही वाटा स्वतः विकायची परवानगी मिळाली, तो वाटा दर वर्षी वाढत गेला आणि १९९६मध्ये साठा पूर्ण संपला. मधेच १९९४ला ब्राझीलमध्ये कडाक्याचं दहिवर पडलं, जगात भाव उसळले आणि ज्यांच्या हातात स्वतःची कॉफी होती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तिचा खरा भाव कळला. चिकमगळूरच्या बागायतदार घराण्यातल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६मध्ये बंगळुरात ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे' उघडलं, ते याच उसळीच्या पाठीवर.

साठा संपला म्हणून चव लगेच आली नाही. पन्नास वर्षं ज्यानं फक्त वजन आणि चाळणी पाहिली, त्या बागायतदाराला स्वतःच्या कॉफीची चव कशी आहे हे सांगणारं कुणी हवं होतं. त्यांतलं एक मोठं नाव सुनालिनी मेनन यांचं. १९७२मध्ये त्या कॉफी बोर्डात चव तपासनीस म्हणून लागल्या, तेव्हा या कामात भारतात बाई नव्हती. पुढे त्यांनी बोर्डाचा गुणवत्ता विभाग सांभाळला आणि साठा संपल्यावर बंगळुरात स्वतःची 'कॉफीलॅब' काढली. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटतं. एकाच मापाचे कप ओळीनं मांडतात, प्रत्येकात तोलून जाडसर पूड, वर उकळीच्या जरा खालचं पाणी. चार मिनिटांनी वर जमलेला पुडीचा थर चमच्यानं मोडून नाक अगदी कपाशी नेतात. मग चमचाभर कॉफी जोरात, आवाज करत सुर्रकन ओढतात, की ती जिभेबरोबर टाळूवर आणि नाकामागेही पसरावी. थुंकतात आणि पुढच्या कपाकडे वळतात. एकाच बागेच्या पाच कपांपैकी एकात आंबूस वास आला, तर आंबवण्याच्या टाकीत कुठल्या दिवशी गडबड झाली इथपर्यंत माग काढता येतो. तो माग बागायतदाराला परत जाऊन सांगणं, हे काम साठ्याच्या काळात जवळजवळ होतच नव्हतं.

त्यातून काही थक्क करणाऱ्या गोष्टी घडल्या. रोबस्टा ही हलकी समजली जाणारी जात. कडवट, मिश्रणात भर घालायला किंवा झटपट कॉफीला वापरायची. चिकमगळूरमधल्या सेतुरामन इस्टेटसारख्या बागांनी रोबस्टाही अरेबिकाच्या काळजीनं तोडून, धुऊन, वाळवून दाखवली, आणि परदेशातले एस्प्रेसो करणारे तिच्यासाठी जादा भाव मोजू लागले. बी. आर. हिल्समधली अत्तिकन, चिकमगळूरमधली रत्नगिरी (आपली कोकणातली नव्हे) ही बागांची नावं पुडीवर दिसू लागली. पण दिसली ती आधी जर्मनी, नॉर्वे, ऑस्ट्रेलियातल्या पुड्यांवर. देशातल्या गिऱ्हाइकापर्यंत ती यायला आणखी दीडेक दशक गेलं. २०१३मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'ब्लू टोकाई'नं आणि तिच्या मागोमाग मुंबई-पुणे-बंगळुरातल्या लहान भाजणाऱ्यांनी पुडीवर दोन ओळी छापायला सुरुवात केली. बागेचं नाव आणि भाजल्याची तारीख. 'अमुक महिन्यांच्या आत वापरा' हे कायद्यासाठी लिहावंच लागतं. भाजल्याची तारीख लिहायची सक्ती कुणावर नव्हती. ती लिहिणारा दुकानदार स्वतःच्याच मालाला मुदत घालून घेतो. महिन्याभरात न खपलेली पुडी त्याची त्यालाच जड होते. माझ्या दृष्टीनं गेल्या दहा-बारा वर्षांत भारतीय कॉफीत घडलेला सगळ्यात मोलाचा बदल हा आहे. यंत्रं, कपावरची दुधाची नक्षी, सजवलेली दुकानं हे सगळं त्याच्या नंतरचं.

या बदलाचा लाभ कुणाला झाला, हे मात्र नीट पाहावं लागतं. ज्यांच्याकडे स्वतःची धुण्याची टाकी, वाळवायला ओटे आणि वेगळा माल वेगळा ठेवायला गोदाम आहे, त्यांचंच नाव पुडीवर येऊ शकतं. भारतातले जवळजवळ सगळेच कॉफी उत्पादक लहान आहेत, दहा हेक्टरांच्या आतले. बहुतेकांची जमीन त्याहून कितीतरी कमी. ते आजही अंगणात वाळवलेली चेरी बांधावरच व्यापाऱ्याला तोलून देतात. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे आणि एकूण पिकातला मोठा वाटा अजूनही निर्यात होतो. सामायिक साठा गेला. या शेतकऱ्यांच्या पोत्यावर नाव तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आंध्रातल्या अराकू खोऱ्यात यावर एक वाट सापडली आहे. तिथल्या आदिवासी कुटुंबांकडे एकेक-दोनदोन एकरांचे तुकडे. नांदी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेच्या मदतीनं त्यांनी सहकारी संस्था उभी केली. फळं पिकली की त्याच दिवशी ती खोऱ्यातल्या सामायिक केंद्रावर जातात, धुणं-वाळवणं एका ठिकाणी, एका शिस्तीत होतं. माल एकत्र होतो, पण तो कुठल्या भागातून आला याची नोंद राहते, चव तपासली जाते आणि चांगल्या चवीला जादा पैसे मिळतात. २०१७मध्ये या कॉफीचं स्वतःचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं, पुढे बंगळुरात आणि मुंबईतही. २०१९मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वेळी कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टालाही. आता वायनाडमधल्या लहान शेतकऱ्यांना अराकूसारखं धुण्या-वाळवण्याचं केंद्र कधी मिळतं, हे पाहायचं आहे. तिथं झाडं भरपूर आहेत, हातही आहेत. फळ तोडल्याच्या दिवशी धुऊन घेणारी टाकी गावाच्या आसपास नाही.